काठीचा जोड

टेबलावर बाबांच्या गळाच्या काठीचे दोन तुकडे होते, निखळलेल्या दोन कड्या, चार मीटर गुंतलेला दोर आणि करवतीचं एक पातं. पात्याच्या दातांत काळी भुकटी अडकली होती.

"जावईबापूंच्या हत्यारांच्या पेटीत मिळालं," बाबा म्हणाले. "आता तूच काय ते समज."

मुलीनं भिंग लावून तुटलेली कड पाहिली. काळी पोकळ काठी निम्म्या घेरापर्यंत कापलेली होती, उरलेली फाटली होती. कापाशेजारी पातं घसरल्याचे चार ओरखडे होते. कापणाऱ्याचा हात भीतीनं थरथरत असावा.

तळ्यावरच्या स्पर्धेचा कप अकरा वर्षं बाबांकडेच येत होता. गेल्या वर्षीचा मासा सहा किलोंचा होता. यंदा तिच्या नवऱ्यानंही नाव दिलं होतं. आयुष्यात एक मासा न धरलेल्या माणसानं. कशाला, असं विचारलं तर म्हणाला होता, "बाबांना सोबत."

"करवत घेऊन करतात का सोबत?" तिनं आता विचारलं.

नवरा खिडकीशी उभा होता. "मी कापली म्हण. झालं समाधान?"

"कापलीस का?"

तो बाहेर बघत राहिला.

"बघ, नाही म्हणायलाही जीभ रेटत नाही," बाबा म्हणाले. चहाचा पेला त्यांनी दोन्ही तळव्यांत धरला होता. "या घरात एक तर हा राहील, नाहीतर मी. संध्याकाळपर्यंत ठरव."

"आधी काठी जोडते. स्पर्धा परवावर आलीय."

"नको," दोघेही एकदमच म्हणाले.

तिनं फक्त नवऱ्याकडे पाहिलं. "तुला का नको?"

"मोडली ती मोडली. राहू दे ना."

"आणि जोडलेल्या काठीवर माझा भरवसा नाही," बाबा म्हणाले.

"माझ्यावर तर आहे ना?"

तिनं कड कानशीनं सपाट केली. दोन नळ्यांतला डिंक समसमान कालवला, नऊ सेंटिमीटरची भरीव कांडी त्यात बुडवून पोकळीत बसवली आणि वरून रेशमी दोरा गुंडाळला, एकेक वेढा नखानं सारत. मग काठी उन्हात ठेवली. डिंक वाळायला पाच तास लागले.

चार वाजता नवऱ्याची बॅग दाराशी आली. तिनं त्याला थांबवलं नाही.

तिनं दोराचं टोक ओढीचं वजन दाखवणाऱ्या ताणकाट्याला बांधलं, ताणकाटा खिडकीच्या गजाला अडकवला आणि काठी उचलून ओढ दिली. दोन किलो चारशे. जोड करकरलासुद्धा नाही.

"आता तुम्ही, बाबा."

"तू ओढलंस ना? पुरे झालं."

"परवा मासा मी ओढणार आहे का?"

"अगं, सोड ना त्यांना," नवरा दारातून म्हणाला.

"तू गप्प बस. तुला काठी तुटलेलीच हवी होती." तिनं मूठ बाबांच्या हातात दिली. "लावा जोर. ह्यालाही कळू दे, कुणाशी गाठ आहे ते."

बाबांनी पाय रोवले. खालचा ओठ दातांखाली गेला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, कपाळावर घाम आला. नवऱ्यानं मान खाली घातली.

काटा हलला, थरथरला आणि थांबला. तिनं वाकून आकडा वाचला.

तीनशे वीस ग्रॅम. ते चार ओरखडे भीतीचे नव्हते.