बेवारस पेपर
परीक्षेला घाबरणाऱ्या मुलांना धीर देणं, हे माझं शाळेतलं काम. शालान्त परीक्षेचा गणिताचा पेपर संपल्यावर पर्यवेक्षकांनी मला आत बोलावलं. माझ्या विद्यार्थिनीने पेपर पूर्ण सोडवला होता, पण त्यावर नंबरच नव्हता. सरावात मीच तो लिहू देत नाही. पेपर बेवारस असला की धाकधूक कमी होते. “आता लिहू द्या की तिला,” मी विनवलं. “घंटेनंतर पेन लावायचं नाही. शून्य.” “अहो, पेपर कोणाचा हे माहीत आहे तुम्हाला!” “मला आहे. नियमाला नाही.” बाहेर ती पाण्याची बाटली घेऊन उभी होती. “देवासारखे भेटलात,” तिची आई म्हणाली. मुलगी म्हणाली, “सर, आज उलटी नाही, थरथर नाही! उद्याचा पेपर असाच देऊ ना?” “अगदी असाच. फक्त वर नंबर लिही.” ती हसली. मग बाटलीतलं पाणी हलायला लागलं.