पुठ्ठ्याच्या घड्या

"सर, एक विचारू? पण खरं सांगायचं हं." टेबलाचा खण रिकामा करता करता ती थांबली. "शनिवारी तुम्ही इथे डोकावला होतात. चाकाखाली मी ठोकळे लावलेले पाहिलेत ना तुम्ही?"

सरांनी खिडकीकडे बघितलं. "लक्षात नाही गं. जाऊ दे आता. झालं ते झालं."

झालं ते झालं! म्हणायला यांचं काय जातंय. प्रयोगशाळेत तिला सगळे 'डबल कुलूप' म्हणायचे, कारण कुलूप लावल्यावर ती ते दोनदा ओढून बघायची. ठोकळे लावायला ती विसरेल, यावर तिच्या शत्रूनेही विश्वास ठेवला नसता. ठेवला तो एकट्या तिनेच.

चाक होतं ताटाएवढं, पोलादी, तळाशी चुंबक. त्याखाली काळ्या वड्या. वड्यांवर द्रवरूप नायट्रोजन ओतून त्या अतिथंड केल्या की त्या चुंबकाला हवेतच धरून ठेवतात. चाक कशालाच घासत नाही, एकदा फिरवलं की फिरत राहतं. वीज अशी फिरण्यात साठवायची आणि दिवे गेले की काढून घ्यायची, हे तिचं संशोधन. मेख एकच. वड्या गार होताना चाक जसं असेल तसंच त्या पकडतात, सरळ तर सरळ, तिरकं तर तिरकं. म्हणून आधी मापाचे ठोकळे लावून चाक सरळ करायचं, मग नायट्रोजन ओतायचा, आणि मग ठोकळे काढून घ्यायचे.

शनिवारी ती हे सगळं करून गेली. नायट्रोजन कमी होईल तसा टाकीतून आपोआप भरत राहायचा. सोमवारी तिने वेग वाढवला, तसं चाक कडेला घासलं आणि फुटलं. झाकण जाड होतं म्हणून कोणाला लागलं नाही. मोजमापं बघितली तर चाक सुरुवातीपासूनच तिरकं होतं.

मधल्या रविवारचं मात्र कोणाला ठाऊक नव्हतं.

रविवारी सरांचा मेहुणा घरी आला होता. "भाऊजी, वीज चाकात साठवायची? मग बॅटरीने काय पाप केलंय?" असं म्हणून तो पोट धरून हसला, आणि सर इरेला पेटले. त्याला इथे घेऊन आले. तरंगतं चाक बघून तो म्हणाला, "दोराबिरा असेल कुठेतरी. पहिल्यापासून करून दाखवा." सरांनी टाकी बंद केली, चाक उचललं, नायट्रोजन उडून जाऊ दिला, वड्या पुरत्या तापल्यावर सगळं पुन्हा मांडलं. ठोकळ्यांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे. मग काय, खोक्याचा पुठ्ठा फाडला, घड्या घातल्या आणि दिल्या चाकाखाली सरकवून. डोळ्यांना तर सरळ दिसत होतं. नायट्रोजन ओतला, घड्या काढून घेतल्या, चाक तरंगलं. मेहुण्याने टाळ्या वाजवल्या.

सोमवारी तिला सांगायचंच होतं. पण सर पोचेपर्यंत चाकाचे तुकडे झाले होते आणि ती म्हणत होती, "माझंच चुकलं असणार, सर." तेव्हा ते म्हणाले, "होतं असं." एका शब्दाने रागावले नाहीत. सर म्हणजे देवमाणूस, असं शिपायापासून सगळे म्हणाले, आणि देवमाणसाने ते ऐकून घेतलं.

"एवढ्यावरून काम सोडतं का कोणी?" सर आता म्हणाले. "नवं चाक करू आपण."

"चाकासाठी नाही सोडत." तिने खण लावून टाकला. "सर, मला ठोकळे लावलेले आठवतात. हात लावून बघितलेले आठवतात. आणि चाक म्हणतं, लावलेच नव्हते. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी गॅस बंद केला का ते आठवेना. मग आम्ही कोण ते. तेव्हा ती माझ्याहून फार मोठी नव्हती, सर." तिने पिशवीची चेन ओढली. "परवा डोक्याची तपासणी आहे. दादा सोबत येतोय. तोवर या नायट्रोजनच्या टाक्यांच्या आसपास मला थांबायचंच नाही. उद्या काही विसरले तर कोणाच्या तरी जिवावर बेतेल."

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईचं त्यांना माहीत नव्हतं. पण माहीत असतं तर सोमवारीच बोलले असते का, हेही त्यांना छातीठोकपणे सांगता येईना.

"तू विसरली नव्हतीस," ते म्हणाले. "ठोकळे होते. मी पाहिले होते. रविवारी ते चाक मी काढलं आणि परत बसवलं. मेहुण्याला दाखवायला. खाली पुठ्ठा लावून."

"पुठ्ठा?"

"पुठ्ठ्याच्या घड्या."

आता ही कडाडणार म्हणून सरांनी मान खाली घातली. तिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ती मटकन स्टुलावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे गळायला लागले.

"म्हणजे मी लावले होते! अगं बाई, मी लावले होते!" तिने ओढणीने नाक पुसलं. "थँक्यू सर. खरंच, थँक्यू हो."

ते थँक्यू ऐकून सरांना तिथून पळून जावंसं वाटलं. पण तिने फोन लावलासुद्धा होता.

"दादा, मी ठीक आहे! काही झालेलं नाही मला! अरे, चाक सरांनी हलवलं होतं... हो, रविवारी... नाही, आत्ता सांगितलं."

मग ती ऐकत राहिली. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिने फोन कानावरून काढला आणि सरांपुढे धरला.

"दादा विचारतोय, मग इतके दिवस सर काय करत होते? तुम्हीच सांगा, सर. मला काय सांगावं ते कळत नाहीये."