ढवळ्याला सांगितलेलं

सुकलाल आप्पांनी खाट फिरवली आणि तीन घरांनी गाड्या जुंपल्या.

ऊन डोळ्यांवर येत होतं, एवढंच. पण खाटेचं डोकं गावाकडे झालं होतं, आणि माळावरच्या बेचाळीस झोपड्यांना तेवढं पुरे होतं. प्लेगमुळे गाव सोडून दोन महिने होत आले होते. परत कधी जायचं ते आप्पा सांगतील, असं सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलं होतं. आप्पांना विचारायचं तेवढं राहून गेलं. त्यांच्या शब्दाशिवाय वेशीत पाऊल ठेवायचं नाही, असा पाटलांचा हुकूम होता. परवा आप्पा शिंकले, तर चुनीलालने बांधलेलं बोचकं सोडलं आणि झोपडीचा कूड नव्याने आवळून घेतला.

आप्पांनी ओरडून गाड्या सोडायला लावल्या. बैल सुटले, माणसं खाटेभोवती जमली. रूपचंद पाटील पुढे झाले. थंडीने दोन लेकरं गेली, अकरा जण खोकताहेत, म्हणाले. राहायचं तर राहायचं म्हणा, जायचं तर जायचं म्हणा, पण आज म्हणा.

एक गाडी सुटली नव्हती. ती खाट फिरण्याआधीपासूनच जुंपलेली होती. गाडीत कडब्यावर तापी पडून होती, पहाटेपासून कळा देत. बैलाच्या मानेवर हात ठेवून तिची आई उभी होती, दगूबाई. आप्पांच्या मेलेल्या धाकट्या भावाची ही बायको. पऱ्हाटीच्या कुडातून वारा आरपार जात होता. बाळंतीण तिथे ठेवावी तर थंडी, घरी न्यावी तर प्लेग, आणि ठरवायला दुपारपर्यंतचाच वेळ होता.

आप्पांनी पाटलांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि नऊ वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं.

"माले काय बी म्हाईत नही. त्या वरीसले मी पलेगले भिईसन नही, भाऊसंगे भांडीसन मळामा गयथू."

नऊ वर्षांपूर्वीच्या त्या प्लेगात पहिला उंदीर मरून पडायच्या आठ दिवस आधी आप्पांनी बायकापोरांसह गाव सोडलं होतं. मागे राहिलेला भाऊ पंधरवड्यात गेला. तेव्हापासून आप्पा गावाच्या लेखी शहाणे झाले, आणि त्यांना ते पद सोडता येईना.

लोक समाधानाने हसले. पाटील म्हणाले, "शहाना मानूस सोताले शहाना म्हनस का कधी, आप्पा?"

दगूबाईने पदर नाकाखाली ओढला. जेठाशी, थोरल्या दिराशी, बोलायचं नाही, जेठासमोर चार माणसांत तर नाहीच. लग्न होऊन आल्यापासून जेठाला जे सांगायचं ते ती भिंतीला सांगे, जात्याला सांगे. आज बैल होता.

"ढवळ्या, ते खरं सांगी ऱ्हायनात. मोटनी पाळीवरथून भांडण व्हतं. मी घरमाच व्हतू."

याने तर लोकांचे डोळे भरून आले. बघा, जिचं कुंकू गेलं ती बाईसुद्धा जेठाचा मोठेपणा झाकून घेते आहे. आप्पांनी कपाळाला हात लावला. तो का लावला असेल, यावरही मागे कुजबुज सुरू झाली.

दगूबाई थांबली नाही. ढवळ्याला तिने सगळं सांगितलं. आठ दिवस ती पहाटे परसाच्या बाजूने गावातल्या घरात जात होती आणि जमिनीवर चाळलेली राख पसरून येत होती. पहिले चार दिवस राख होती तशीच राहिली. मग पावलं उमटली, आधी एका उंदराची, आज तर चुलीपासून कणगीपर्यंत रांगच. ज्या घरात उंदीर मरत होते, तिथे आता ते पोट भरून फिरत होते.

"जठे उंदर नांदतस, ढवळ्या, तठे मानूस बी नांदी."

पाटील बैलांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. बाईने हुकूम मोडला ते एक झालंच, पण उंदरांच्या पावलांवर गावाने चालायचं का, त्यांनी विचारलं. बाईला नव्हे, आप्पांना.

सगळ्यांनी खाटेकडे पाहिलं. गाडीतून तापीचं कण्हणं ऐकू आलं. आप्पांच्या तोंडाशी 'जा' आलं आणि तिथेच अडलं; असाच एकदा भाऊ त्यांच्यामागे घरात राहिला होता. 'नको' म्हणावं, तर गाडीतली पोर त्याचीच होती.

शेवटी तेही बैलाशीच बोलले. "ढवळ्या, चुकनं तं?"

दगूबाईने पदर वर केला. तीस वर्षांत आप्पांनी तिचा चेहरा पहिल्यांदाच पाहिला. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"चुकनं तं मन्ही पोर जाई," ती म्हणाली. "तुम्हनं नाव जठलं तठे ऱ्हाई."

पाटील आप्पांच्या 'नको'ची वाट बघत होते. ते आलं नाही. बाईने कासरा ओढला तसे ते बाजूला झाले, आणि गाडी त्यांच्या अंगरख्याला घासून गेली.

मागे कोणी हललं नाही. आप्पांच्या पाठीमागून गाडी गावाच्या वाटेला लागली. आधी तापीचं कण्हणं ऐकू येईनासं झालं. चाकाची करकर बराच वेळ येत राहिली. गाडी वेशीत शिरते की नाही, एवढंच आप्पांना बघायचं होतं. त्यासाठी मान वळवावी लागली असती, आणि बेचाळीस झोपड्या त्या मानेकडे डोळे लावून होत्या.

ते समोर बघत बसून राहिले.

"आप्पा ऐकी ऱ्हायनात," कोणीतरी हळूच म्हणालं. मग सगळा माळ कान देऊन उभा राहिला.