हिरवा ठिपका

"दादा, बाबा माझ्याकडे राखाडी दिसतायत," इशिता फोनवर म्हणाली. "आणि त्यांचा मोबाइलही बंद लागतोय."

"तू मॅकवर बघतेयस ना?"

"हो."

"मग बरोबर!" इंद्रजित हसला. "माझ्या विंडोजवर बघ, हिरवेगार आहेत."

'खुशाली' हे ॲप इंद्रजितचंच, त्याच्या गुरुग्रामच्या ऑफिसात बनलेलं. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांनी सकाळचा चहा झाला की मोबाइलवर बटण दाबायचं. मुलांच्या कॉम्प्युटरवर त्यांचा ठिपका हिरवा होतो. दाबलं नाही तर ठिपका राखाडी, आणि दाबेपर्यंत मोबाइलवर घंटा वाजत राहते. घंटेचा आवाज बाबांच्याच देवघरातला, त्यांनी हौसेनं वाजवून दिलेला, आणि सगळ्यांच्या मोबाइलवर तोच. बाकी रोज फोन करून 'बरे आहात ना' विचारलेलं बाबांना, दिल्लीच्या द्वारका भागात एकट्या राहणाऱ्या भालचंद्ररावांना, मुळीच खपत नसे. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म गेला, आता पोरांना हजेरी द्यायची ती एका बटणाची, बस्स.

मॅकवरचं 'खुशाली' पहिल्यापासून द्वाड. कधी अक्षरं अर्धी कापलेली, कधी बटण चौकटीबाहेर लोंबतंय. विंडोजवर मात्र सगळं शहाण्या मुलासारखं. ठिपक्याची ही तक्रारही सकाळपासून आणखी काहीजणांची आली होती, सगळे मॅकवाले.

"यार दादा, तू द्वारकेला एकदा जाऊन ये ना. मला भीती वाटतेय."

"अगं, हातच्या काकणाला आरसा कशाला? हिरवे आहेत म्हणजे बटण दाबलंय. आधी तुझं मॅक सरळ करतो."

विंडोजवर जो रंग दिसेल तोच मॅकवरही दिसावा, अशी त्यानं दुरुस्ती केली आणि जेवणाआधी सगळ्यांच्या मॅकवर पाठवून दिली. लगेच इशिताचा मेसेज आला, "झाले हिरवे! थँक्स."

तरी तिची भीती त्याला कुठंतरी चिकटलीच होती. दुपारी त्यानं कॅब केली.

द्वारकेच्या घराची बेल वाजवली. आतून उत्तर नाही. पुन्हा वाजवली. दारावर धक्के मारणार, तेवढ्यात कडी निघाली. बनियनमधले बाबा डोळे चोळत उभे. इंद्रजितचा जीव भांड्यात पडला.

"तू? आज सुट्टी?"

"बाबा, मोबाइल का बंद?"

"काल दुपारी बादलीत पडला. तांदळाच्या डब्यात ठेवलाय."

"मग आज बटण कसं दाबलंत?"

"कुठं दाबलंय?"

इंद्रजितच्या आता लक्षात आलं. हिरवा ठिपका कालचा होता. विंडोजवर तो पुसलाच गेला नव्हता. खरं बोलत होतं ते मॅक.

"तुम्हा पोरांचं काय चाललंय कळत नाही," बाबा म्हणाले. "या समोरच्या कुमुदिनीताई. त्यांच्या विश्वनाथनं बंगळुरूहून गार्डला फोन केला, आई राखाडी दिसतेय, वर जाऊन बघ. बिचारा लिफ्टपर्यंत आला, तर परत फोन. राहू दे म्हणे, झाली हिरवी."

इंद्रजितनं खिशातून मोबाइल काढला.

"आणि ती तुझी घंटा आधी थांबव बरं. मोबाइल तांदळात पुरला, तरी सकाळपासून वाजतेच आहे."

इंद्रजितनं कान दिला. घंटा समोरच्या बंद दाराआडून येत होती.