वसाहतीचं पाणी

"त्या वसाहतीचं नाव तुझ्या तोंडून निघता कामा नये," पोस्टरला टाचणी टोचत सर म्हणाले. "पाणी कसं तपासतात ते दाखव, पोरांना पट्टी हातात घेऊ दे. बाकी अळीमिळी गुपचिळी."

"मग हा विज्ञान महोत्सव कशाला, सर? संशोधकांनी लोकांमध्ये जावं, असं तुम्हीच म्हणता ना?"

"जावं. आग लावायला नाही."

तिने पट्ट्यांचा डबा टेबलावर मांडला. पाण्यातल्या विषांवर ती काम करायची, सरांच्याच हाताखाली. नदीपलीकडच्या वसाहतीतल्या विहिरींचं पाणी सरांनी स्वतः गाडीतून आणून तिच्या टेबलावर ठेवलं होतं. तिने ते पुन्हापुन्हा तपासलं. दर वेळी आर्सेनिक निघालं, तेही थोडंथोडकं नव्हे. आणि त्याच वसाहतीत तिची मावशी राहत होती. आई गेल्यावर तिला मावशीनेच वाढवलं होतं. 'विहिरीचं पिऊ नकोस' असं तिने फोनवर सांगून पाहिलं, तर मावशीने 'तुझी आपली काहीतरी खुळं' म्हणून उडवून लावलं.

दुपारी शाळेचा हॉल गच्च भरला. पट्टी पांढरी राहिली तर पाणी चांगलं, पिवळी पडली तर विषारी, असं ती घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होती. तेवढ्यात मावशी अख्खी गल्ली घेऊन आली.

"ही माझी पोर बरं का!" मावशी शेजारणींना म्हणाली. मग तिच्याकडे वळून, अगदी कौतुकाने, "चिमे, आमच्या विहिरीचं पाणी कसं आहे गं? सांग की यांना."

एका शेजारणीच्या कडेवरचं बाळ बाटली चोखत होतं. चिमीने दाराकडे पाहिलं. तिथे सर उभे होते. त्यांनी मान हलवली. नाही.

तिने माइक उचलला. "पिऊ नका. थेंबसुद्धा पिऊ नका."

मग जो गोंधळ उडाला त्याला सुमार नव्हता. सरांनी चारचौघांत तिची खरडपट्टी काढली, पण नोकरीवरून काढलं नाही. ते तिला त्यांचं मोठेपण वाटलं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. रस्त्यात अनोळखी बायका तिचे हात हातात घ्यायच्या. ती मान ताठ ठेवून चालायची.

विहिरींना झाकणं ठोकली गेली. विषारी जागेत कोण राहणार? लोकांनी मिळेल त्या भावाला घरं फुंकून टाकली. मावशीनेही टाकलं, आणि एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला गेली. गुडघ्यांमुळे तिचं खाली उतरणं बंद झालं.

"तुझ्यामुळे जीव वाचला गं," ती भाचीला म्हणायची. "घराचं काय एवढं!" आणि खिडकीतून खालच्या रस्त्याकडे बघत राहायची.

पुढच्या महोत्सवात त्याच विहिरीचं पाणी लोकांना दाखवायचं, असं तिने ठरवलं. या खेपेला पाणी आणायला ती स्वतः वसाहतीत गेली. घरं पाडलेली होती. पत्र्याच्या कुंपणावर बिल्डरची पाटी होती आणि आत नव्या इमारतींचे पाये खणले जात होते. रखवालदाराची मनधरणी करून तिने मावशीच्या परसातल्या विहिरीचं झाकण उघडलं आणि बाटली भरली.

पट्टी पांढरीच राहिली.

आपलंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून तिने नवी पट्टी घेतली. मग दुसऱ्या दिवशी जाऊन राहिलेल्या सगळ्या विहिरींचं पाणी आणलं. एकही पट्टी पिवळी पडली नाही.

सगळ्या पट्ट्या मुठीत धरून ती सरांच्या खोलीत शिरली. सर महोत्सवाचं नवं पोस्टर तपासत होते. कुंपणावरच्या पाटीवर ज्या बिल्डरचं नाव होतं, तोच पोस्टरवर प्रमुख आश्रयदाता म्हणून झळकत होता.

तिने पट्ट्या पोस्टरवर टाकल्या. "तुम्ही आणलेलं पाणी कुठलं होतं, सर?"

सरांनी एकेक पट्टी बाजूला सारली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"पण तुम्ही तर मला बोलू नको म्हणाला होतात!" तिचा आवाज फाटला.

"मग? बोल म्हणालो असतो, तर तू आधी स्वतः जाऊन पाणी आणलं असतंस."