निळी खुर्ची

नऊ वाजून दहा मिनिटं झाली, दुसरीची सत्तावीस मुलं गालिच्यावर मांडी घालून, ओठांवर बोट ठेवून बसली, तरी तास काही सुरू होईना.

हेदर ऑल्ड्रॉइड आपल्या नेहमीच्या जागी होती. शेवटच्या टेबलापाशी, निळ्या बुटक्या खुर्चीवर, डेक्लनच्या शेजारी. डेक्लनला गालिच्यावरची दाटी सोसत नसे म्हणून तो मागे बसायचा, आणि तो बसायचा म्हणून ती. तिने त्याच्या पेन्सिलीला टोक काढून दिलं आणि फळ्याकडे पाहिलं. आज फारच उशीर करताहेत, असं तिच्या मनात आलं.

टॅबिथाने हात वर केला. "मिस, आपण कुणासाठी थांबलोय?"

"शिक्षक येताहेत, बाळा."

"पण आज तुम्हीच आहात." टॅबिथाने फळ्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "तुमचं नाव आहे. मीच लावलंय."

सत्तावीस तोंडं मागे वळली. हेदरच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

अकरा वर्षं ती या वर्गात मदतनीस होती. घरबसल्या पदवी घेतली, आणि गेल्या सप्टेंबरपासून याच शाळेत पगारी शिकाऊ शिक्षिका झाली. चार दिवस वर्ग, एक दिवस विद्यापीठ. आजचा तास शेवटच्या तपासणीचा होता. हात धुवायच्या बेसिनशेजारी तपासणीला आलेल्या मिसेस पिकर्सगिल मांडीवर कागद घेऊन बसल्या होत्या. त्यांनी होकार दिला तर येत्या सप्टेंबरपासून तिसरीचा वर्ग हेदरचा. नाहीतर तो दुसऱ्या कुणाला मिळणार होता, आणि हिला पुन्हा निळी खुर्ची. दारात हातात चहाचा मग घेऊन मिस्टर थ्रेलफॉल उभे होते. वर्ग त्यांचा, हेदरला वर्षभर शिकवलं त्यांनीच. वयाने ते तिच्या मुलापेक्षा चार वर्षांनी मोठे.

मिसेस पिकर्सगिल काहीतरी लिहू लागल्या. बराच वेळ लिहीत राहिल्या.

हेदर उठली. दोन्ही गुडघे वाजले, ते सगळ्यांनी ऐकलं. मुलांची बोटं चुकवत ती पुढे गेली. आपण आपली जागा विसरलो, हे तिने सरळ सांगून टाकलं. मुलं खुशीत हसली. एक जण म्हणाला, मी परवा चुकून पहिलीच्या वर्गात जाऊन बसलो होतो. मग तिला बरं वाटलं.

तास घड्याळाचा होता. प्रत्येकाकडे पुठ्ठ्याचं घड्याळ आणि दोन काटे. आधी नऊ, दहा असे पूर्ण तास दाखवून झाले, ते सगळ्यांना आले. मग ती म्हणाली, साडेनऊ दाखवा. घड्याळं वर झाली. मोठे काटे बरोबर सहावर, आणि लहान काटे झाडून सारे नऊवर खिळलेले. यात नवल नव्हतं, दरवर्षी असंच होतं. समजावण्यासाठी तिने तोंड उघडलं आणि मागे तिची नजर गेली. डेक्लनने घड्याळ हनुवटीखाली धरलं होतं. त्याचा लहान काटा नऊ आणि दहाच्या मधोमध होता. डेक्लनने वर्षभरात एकदाही हात वर केला नव्हता. आताही केला नव्हता.

"डेक्लन, तुझा काटा तिथे का रे?"

तो टेबलाकडे बघत बोलला. "नऊ वाजून गेले ना. तो दहाकडे निघालाय. अजून पोचला नाही."

टॅबिथाला राहवेना. "याने कुणाचं तरी बघितलंय."

"कुणाचं?" हेदरने विचारलं. "तुमचं तर सगळ्यांचं नऊवर आहे."

"मिसचं," डेक्लन म्हणाला. "मिस शेजारी बसतात तेव्हा त्यांच्या मनगटावरचं घड्याळ माझ्यासमोर येतं. त्यांचं पाच मिनिटं पुढे असतं. मी पाच काढून टाकतो."

हेदरने मनगटाकडे पाहिलं. भिंतीवर नऊ पंचवीस, हातावर साडेनऊ. तिने हात उंच धरून ते घड्याळ सगळ्यांना दाखवलं. लहान काटा वाटेतच होता.

"मिस, मग तुम्ही ते नीट का नाही करत?" टॅबिथाने विचारलं.

"आईचं आहे. ती इथेच जेवण वाढायची, तुमच्या कस्टर्डचा डाव तिच्या हातात असायचा. बस चुकू नये म्हणून पुढे ठेवायची."

"चुकायची?"

"एकदाही नाही."

सगळ्यांना हे उत्तर पटलं. काटे नऊवरून सरकू लागले.

मुलं वह्या घेऊन टेबलांपाशी गेली, तेव्हा मिसेस पिकर्सगिलनी तिला बेसिनपाशी बोलावलं. सुरुवातीला तुम्ही मागे बसून राहिलात, त्या म्हणाल्या. तास कुणाचा आहे हे मुलांनाच विचारायला लावलंत. हे कुठे शिकलात?

हेदरला खोटं बोलायला जेमतेम एक श्वास मिळाला.

"कुठेच नाही. चुकून बसले. अकरा वर्षांची सवय आहे."

मिसेस पिकर्सगिलनी एक ओळ खोडली. जरा थांबून तिच्याखाली दुसरी लिहिली, सही केली आणि पेनाला टोपण लावलं.

"सप्टेंबरमध्ये पुढे उभ्या राहा म्हणजे झालं."

हेदरने नळ सोडला, उगाचच हात धुतले.

शेवटच्या टेबलापाशी थ्रेलफॉल निळ्या खुर्चीवर मावायचा प्रयत्न करत होते. गुडघे छातीशी आले होते. डेक्लनने त्यांचा डावा हात ओढून बाही वर केली, मग उजव्याची केली. मग तो वर्षभरात पहिल्यांदाच हात वर करून बसला.

"बोल, डेक्लन."

"मिस, यांच्या हातावर काहीच नाही."