रोल भरणारा

दुपारी साडेबाराला नवरीने आजीला मिठी मारली आणि नेमका तेव्हाच फोटोग्राफरचा रोल संपला. काढलेल्या रोलची कागदी पट्टी जिभेने ओली करून चिकटवत त्याने झटपट नवा रोल भरला. वर पाहिलं, तर मिठी सुटली होती.

"तेवढाच फोटो हवा होता तिला," तो घरी हळहळला.

संध्याकाळी रोल धुऊन बायको हसली. "उगाच रडत होतात. हा काय मिठीचा फोटो."

त्याच्याच रोलवर मिठी होती. मागे तो स्वतः होता, मान खाली, जिभेवर पट्टी.

वीस वर्षं एकट्याने धंदा केलेल्या त्याने नवरीला फोन लावला. "तो फोटो कुणी काढला?"

"तुमच्या साहेबांनी. काय हसवलं आम्हाला. म्हणाले, फोटो मीच काढतो, रोल भरायला माणूस ठेवलाय."